कोंबडी, काच आणि सुपाचा डबा

अमेरिकेतल्या शाळेत शिक्षकांसाठी जेवण ठेवायचे ठरले की सहसा आचारी बोलावत नाहीत. पालक घरून एकेक पदार्थ करून आणतात, टेबले जोडून त्यावर मांडतात आणि ज्याने-त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचे असते. या पद्धतीला पॉटलक म्हणतात. त्या टेबलावर चिकनचा एखादा पदार्थ हमखास असतो आणि तो बहुतेक वेळा आदल्या रात्रीच तयार झालेला असतो, कारण जेवण भर दुपारी आणि करणारीला सकाळी कामावर पोचायचे असते. पदार्थ निवडताना प्रश्न ठरलेले असतात. रात्रभर टिकेल का, गाडीत सांडणार नाही ना, सगळ्यांना चमचा-दोन चमचे पुरेल का आणि कोणी नाक तर मुरडणार नाही? यांची उत्तरे घरातल्या बाईच्या पाककौशल्यातून आली असे वाटणे साहजिक आहे. इतिहास पाहिला तर त्यातली बरीचशी काचेच्या भट्टीतून, सुपाच्या कारखान्यातून आणि कोंबड्यांच्या शेडमधून आलेली दिसतात.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या खेडोपाडी एकखोली शाळा होत्या. मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांत सार्वजनिक छप्पर म्हणावे असे चर्च सोडले तर तेवढेच. सभा, नाटुकली, स्पेलिंगच्या स्पर्धा, सगळे तिथेच व्हायचे. शाळेला शेगडी हवी, घंटा हवी, चार पुस्तके हवीत, तर पैसे उभे करायला ‘बॉक्स सोशल’ भरवत. मुली आणि बायका रंगीत कागदाने सजवलेल्या खोक्यात दोघांचे जेवण बांधून आणत, खोक्यांचा लिलाव होई आणि जो बोली जिंकेल त्याने ते खोके करणारीबरोबर बसून खायचे. कोणाचे खोके कोणते हे गुपित ठेवायचा नियम असे आणि तो पाळला जात नसे. खोक्यात काय असायचे? ज्यांना परवडे त्यांच्या खोक्यात तळलेली गार कोंबडी, पाव, लोणचे आणि पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेल्या ‘पाय’चा तुकडा. शाळेच्या कामासाठी गावातल्या बायकांनी रांधायचे ही वहिवाट इथे पक्की झाली.

चर्चमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात चालू होती. दक्षिणेत प्रार्थनेनंतर आवारातल्या झाडांखाली फळ्या टाकून जेवणे होत. उत्तरेत व्हरमाँटसारख्या राज्यांत सुगी संपली की चिकन पायच्या पंगती बसत, त्या आजही बसतात. या जेवणांतून वर्गणी गोळा होई आणि पुढे पाककृतींची पुस्तकेही निघू लागली. यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी १८६४ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या जत्रेकरता मारिया मॉस यांनी काढलेले ‘अ पोएटिकल कुकबुक’ हे अशा धर्मादाय पुस्तकांतले पहिले मानतात. नंतर चर्चच्या महिला मंडळांनी, शाळांनी आणि क्लबांनी अशी हजारो पुस्तके छापली. प्रत्येक कृतीखाली देणारीचे नाव असे. त्यामुळे कोणती कृती कोणाची हे साऱ्या गावाला ठाऊक होई आणि मेळाव्यात तोच पदार्थ दुसरीने आणणे अवघड होऊन बसे.

शाळेतल्या जेवणाला संघटनेचे बळ मिळाले ते १८९७ मध्ये. अ‍ॅलिस मॅकलेलन बर्नी आणि फीबी अ‍ॅपर्सन हर्स्ट यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’ स्थापन केली. तीच पुढे पालक-शिक्षक संघ झाली, अमेरिकेत घरोघरी माहीत असलेली पीटीए. दक्षिणेत शाळाच वर्णानुसार वेगळ्या असल्यामुळे काळ्या मुलांच्या पालकांसाठी सेलीना स्लोन बटलर यांनी १९२६ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. दोन्ही संघटना एक व्हायला १९७० साल उजाडावे लागले. बैठकीनंतर जेवण, निधीसाठी जेवण, नव्या शिक्षकांच्या स्वागताला जेवण ही संघाच्या कामाची रीतच झाली. १९८४ मध्ये याच संघाने मे महिन्यातला एक आठवडा शिक्षकांच्या कौतुकासाठी राखून ठेवला. आज शाळेतल्या पॉटलकचा मोठा हंगाम असतो तो या आठवड्याचाच.

पण मुळात चिकनच का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत कोंबडी ही रोजच्या खाण्यातली गोष्ट नव्हती. शेतावरच्या कोंबड्या अंड्यांसाठी पाळल्या जात आणि अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हातात राहत. अंडी घालायची थांबलेली म्हातारी कोंबडी कापली जाई, नाहीतर वसंतात उबवलेल्या पिलांतले जास्तीचे कोंबडे. कोवळे कोंबडे तळायला आणि जून कोंबडी तीन-तीन तास शिजवायला. तिचे अळणी पाणी घट्ट करून त्यात पिठाचे गोळे सोडायचे किंवा वर पिठाचे झाकण घालून पाय करायची. पाहुणे, पाद्री, रविवार असे काही निमित्त असल्याशिवाय कोंबडीच्या मानेवर सुरी फिरत नसे. दक्षिणेतल्या काळ्या समाजात तर कोंबडीला ‘गॉस्पेल बर्ड’ हे थट्टेचे नावच पडले, कारण रविवारी पाद्री जेवायला येणार म्हणजे तिचा बळी ठरलेला. सार्वजनिक टेबलावर कोंबडी नेणे हा त्यामुळे मान होता. घरातले चांगले ते चारचौघांत ठेवले असा त्याचा अर्थ घेतला जाई.

आधी करून ठेवायची आणि गार खायची कोंबडी म्हणजे तळलेली कोंबडी, हे समीकरण फार काळ टिकले. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनवर यादवी युद्धानंतर काळ्या बायका डोक्यावर तबके घेऊन फलाटावर उभ्या राहत आणि गाडीच्या खिडकीतून प्रवाशांना तळलेली कोंबडी विकत. त्या कमाईवर कित्येकींनी घरे बांधली. पुढे वंशभेदाच्या कायद्यांमुळे काळ्या प्रवाशांना वाटेतल्या खानावळींत मज्जाव झाला, तेव्हा बुटांच्या खोक्यात बांधलेली तळलेली कोंबडी हीच त्यांची शिदोरी झाली. खोक्याची कोंबडी प्रवासाला उत्तम. मोठ्या पंगतीला मात्र तिची एक अडचण आहे. तिचे तुकडे मोजके असतात. एका कोंबडीचे आठ तुकडे, जेवायला चाळीस माणसे आणि तंगडी सगळ्यांनाच हवी. मांस सुटे करून भात, नूडल किंवा पाव यांत मिसळले तर तीच कोंबडी दुप्पट-तिप्पट माणसांना पुरते आणि कोणाच्या वाट्याला मान आली अशी कुरकुर राहत नाही. पाय करण्यामागचा हिशेब हाच होता. पण पायचे पीठ मळायला हात सरावलेला लागतो आणि रात्रभर ठेवले की खालचा थर ओला होऊन गिच्च होतो. तिथे कॅसरोलला वाट मिळाली. मराठी घरात कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा, पण इथे अभिप्रेत आहे तो ओव्हनमध्ये भाजून त्याच भांड्यातून वाढायचा पदार्थ.

तसे भांडे आधी मातीचे किंवा बिडाचे असे. जड, आणि चारचौघांत ठेवायला ओबडधोबड. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी काचेचा मोठा कारखाना होता. तापमान एकदम बदलले तरी न तडकणारी काच तिथे रेल्वेच्या कंदिलांसाठी आणि बॅटरीच्या बरण्यांसाठी बनत असे. कारखान्यातले शास्त्रज्ञ जेसी लिटल्टन यांच्या पत्नी बेसी यांचे मातीचे भांडे भाजताना फुटले. त्यांनी नवऱ्याला कारखान्यातून काही आणायला सांगितले. त्याने बॅटरीच्या बरणीचे बूड कापून आणले आणि १९१३ मध्ये बेसीबाईंनी त्यात केक भाजला. केक एकसारखा भाजला गेला, भांड्याला चिकटला नाही, वर काचेतून आत काय चालले आहे तेही दिसत होते. १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आले. ओव्हनमधून काढलेले भांडे तसेच टेबलावर ठेवता येते, ही सोय आज क्षुल्लक वाटेल. पण पॉटलकला वेगळे करून काढायला ना जागा असते ना वेळ, त्यामुळे तिथे याच सोयीने बाजी मारली. नऊ बाय तेरा इंचांचे उथळ चौकोनी भांडे हळूहळू प्रमाण ठरले. त्यात सुमारे तीन लिटर माल मावतो, बारा चौकोन पडतात आणि मोटारीच्या मागच्या आसनावर ते सपाट बसते.

अशाच काही फुटकळ वस्तूंची भर पडत गेली. मिनेसोटा राज्यातल्या थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ मध्ये मोटारी रंगवणाऱ्यांसाठी कागदी चिकटपट्टी काढली, ती गृहिणींनी भांड्याच्या बुडाला लावून त्यावर नाव लिहायला घेतली. तीस भांड्यांतली पंचवीस एकसारखी दिसत असताना आपले भांडे ओळखायचे कसे, यावर याहून सोपा तोडगा निघालेला नाही. पुन्हा पुन्हा धुऊन अक्षरे पुसट झालेली अशी पट्टी पुष्कळ घरांतल्या भांड्यांवर कायमची राहिली आहे. १९४७ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीचा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गुंडा आला आणि झाकणाचा प्रश्न सुटला. विजेचा फ्रिज दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बहुसंख्य घरांत पोचला. आदल्या रात्री भांडे भरून ठेवण्याची खरी मुभा फ्रिजनेच दिली, कारण त्याआधी बर्फाच्या पेटीत एवढे मोठे भांडे ठेवायचे म्हणजे दूध आणि लोणी बाहेर काढावे लागे.

आता भांड्यात घालायचे काय? चिकन आणि नूडल एकत्र धरून ठेवायला पांढरा सॉस लागतो. लोण्यात मैदा परतून, हळूहळू दूध ओतून, गुठळी न होऊ देता ढवळत बसायचे. हे काम १९३४ नंतर एका डब्याने हलके केले. कॅम्बेल कंपनीचे तरुण रसायनशास्त्रज्ञ जॉन डॉरन्स यांनी १८९७ मध्येच सुपातले बरेचसे पाणी काढून ते लहान डब्यात भरण्याची युक्ती बसवली होती. १९३४ मध्ये कंपनीने मशरूमचे घट्ट सूप काढले, पुढे चिकनचेही आले. पाणी न घालता तसेच ओतले तर हे सूप म्हणजे तयार सॉसच. कंपनीलाही ते लवकर उमगले. सुपाच्या डब्याबरोबर पाककृती खपवायची आणि पाककृतीमागे डबे खपवायचे हा धंद्याचा मार्ग झाला. कॅम्बेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या डॉर्कस राइली यांनी १९५५ मध्ये बसवलेली फरसबीची कॅसरोल आजही थँक्सगिव्हिंगच्या सणाला लाखो घरांत होते. चिकनच्या पदार्थांना अशी एकच जन्मदात्री सापडत नाही, पण डबा तोच.

मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांत या प्रकाराला ‘हॉटडिश’ म्हणतात. स्वीडन, नॉर्वे आणि जर्मनीतून आलेल्या ल्यूथरन पंथाच्या शेतकऱ्यांचा हा मुलूख. हॉटडिशची छापील कृती मँकेटो गावच्या ग्रेस ल्यूथरन चर्चच्या महिला मंडळाने १९३० मध्ये काढलेल्या पुस्तकात सापडते, तिच्यात खिमा, कांदा, सेलरी, डब्यातले मटार आणि मॅकरोनी आहेत. मशरूमच्या सुपाला त्या भागात गमतीने ‘ल्यूथरन बाइंडर’ म्हणतात. या मुलखातल्या चिकन हॉटडिशमध्ये एक घटक मात्र कारखान्याचा नाही. तिथल्या तळ्यांत उगवणारे काळसर, लांब दाण्याचे ‘वाइल्ड राइस’ हे ओजिब्वे लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. होडीतून काठ्यांनी लोंब्या झोडून ते गोळा करतात. शिजवून रात्रभर ठेवले तरी त्याचा दाणा दाणा राहतो, साध्या भातासारखा लगदा होत नाही. आधी करून ठेवायच्या पदार्थात त्याची निवड डोळसपणे झालेली आहे.

चिकन स्वस्त कसे झाले हा या कहाणीतला सर्वांत मोठा बदल. डेलावेर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावी सिसील स्टील या अंड्यांसाठी कोंबड्या पाळत. १९२३ मध्ये त्यांनी पन्नास पिले मागवली आणि उबवणी केंद्राच्या चुकीने पाचशे आली. परत न पाठवता त्यांनी ती वाढवली. जगली त्यातली ३८७ पिले दोन-दोन पौंडांची झाल्यावर पौंडाला ६२ सेंट भावाने विकली. त्या काळात हा भाव चांगलाच होता. पुढच्या खेपांना त्यांनी पिले वाढवत नेली आणि १९२६ मध्ये दहा हजार पक्ष्यांची शेड बांधली. शेजारच्यांनी अनुकरण केले आणि फक्त मांसासाठी कोंबडी वाढवण्याचा धंदा उभा राहिला. १९२८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जाहिरातीत प्रत्येक घरच्या हंडीत कोंबडी शिजत असल्याचा डांगोरा होता. बढाई म्हणून ते खपले, यावरूनच तेव्हा कोंबडी किती दुर्मीळ होती ते कळते.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून गाय, डुक्कर आणि मेंढीच्या मांसावर रेशन आले, कोंबडीवर आले नाही. लोक कोंबडीकडे वळले. युद्ध संपल्यावर ही गिऱ्हाइके टिकवायची तर छातीवर भरपूर मांस असलेला पक्षी हवा होता. ए अँड पी या दुकानांच्या साखळीने ‘उद्याची कोंबडी’ अशी देशव्यापी स्पर्धाच लावली. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांची कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर जातींच्या संकरातली कोंबडी पहिली आली. आजच्या ब्रॉयलरच्या वंशावळीत ती आहे. १९२५ मध्ये अडीच पौंडांचा पक्षी तयार व्हायला ११२ दिवस लागत, आज सहा पौंडांहून जड पक्षी सात आठवड्यांच्या आत तयार होतो. त्याची चव पूर्वीच्या कोंबडीपुढे फिकी आहे यात शंका नाही. पण सूप, चीज आणि नूडल यांच्या भाऊगर्दीत त्या फिकेपणाचे कोणाला फारसे वाटले नाही. उलट कोणालाच न खुपणारा पदार्थ हवा असेल तेव्हा हा फिकेपणा पथ्यावरच पडला.

शाळेच्या टेबलावर ठाण मांडून बसलेल्या चिकनच्या पदार्थांची कुळे निरनिराळी आहेत. काही बड्या हॉटेलांतून खाली उतरले. चिकन टेट्राझिनी हे नाव लुइझा टेट्राझिनी या इटालियन गायिकेवरून आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिने सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क जिंकले, आणि दोन्ही शहरांतली हॉटेले या पदार्थाचा मान आपल्याकडे ओढतात. सुरुवातीला त्यात साय, वाइन, परतलेले मशरूम आणि बारीक स्पगेटी असे. सुपाच्या डब्याने ते घराघरांत पोचवले आणि वाइन गळाली. चिकन डिव्हान हा न्यूयॉर्कच्या ‘डिव्हान पॅरिसियँ’ या रेस्तराँचा पदार्थ. ब्रॉकोलीच्या थरावर चिकन आणि वर चीजचा सॉस. घरच्या आवृत्तीत सॉसच्या जागी सूप, मेयोनीज आणि पुष्कळदा चिमूटभर करी पावडर आली.

टेक्ससचा किंग रँच चिकन मात्र तिथल्या क्लबांच्या आणि शाळांच्या पुस्तकांतच वाढला. मक्याच्या टॉर्टिया फाडून थर लावायचे, मध्ये चिकन, चिकनचे आणि मशरूमचे सूप, हिरव्या मिरच्या घातलेले डब्यातले टोमॅटो आणि चीज. ज्या किंग रँचचे नाव त्याला चिकटले आहे ते रिचर्ड किंग यांनी १८५३ मध्ये वसवलेले प्रचंड गुरांचे रान आहे. भारतीय वशिंडाच्या गुरांचे रक्त मिसळून तिथे सांता गर्ट्रुडिस ही जात तयार झाली, पण कोंबड्यांसाठी त्या रँचची कधीच ख्याती नव्हती. रात्रभर ठेवायला मात्र हा पदार्थ या साऱ्यांत उजवा ठरतो. नूडल रस पिऊन फुगतात आणि मऊ पडतात, टॉर्टियाही रस पिते. पण तिने रस प्यावा हीच इथे अपेक्षा असते.

अमेरिकेच्या दक्षिणेत भारताशी नाते सांगणारा एक पदार्थ अजून टिकून आहे. ‘कंट्री कॅप्टन’ची कृती फिलाडेल्फियाच्या इलायझा लेस्ली यांच्या १८५७ च्या पुस्तकात आहे आणि तिथे तो पूर्वेकडून आलेला म्हणूनच ओळखला जातो. मुंबई, कोलकाता अशा आशियाई बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांना इंग्रज ‘कंट्री शिप’ म्हणत. त्यांच्या एखाद्या कप्तानाने हा पदार्थ अमेरिकेत नेला अशी दंतकथा आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची, करी पावडर, बेदाणे आणि वर बदाम अशा रश्श्यात कोंबडी शिजवून भाताबरोबर देतात. जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज येथे पोलिओवरच्या उपचारासाठी येणारे फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तो वाढला गेल्यावर त्याची कीर्ती पसरली. दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो. मराठी जिभेला त्यातला मसाला पुळचट वाटेल. पण शिळ्या रश्श्याला चव येते हे कोल्हापुरापासून जॉर्जियापर्यंत सगळ्यांनाच पटलेले आहे.

आदल्या दिवशी केलेले चिकन आणि शाळेचे सभागृह यांचा सर्वांत नामांकित योग अटलांटिकच्या पलीकडे जुळला. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानंतर परदेशी पाहुण्यांचे जेवण लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेच्या ग्रेट हॉलमध्ये होते. साडेतीनशे पाने. ते काम कॉन्स्टन्स स्प्राय आणि रोझमेरी ह्यूम यांच्या पाककला विद्यालयाकडे आले आणि रांधायला विद्यार्थिनी होत्या. गरम मांसाहारी जेवण तिथे जमणारे नव्हते. म्हणून चिकन उकडून, गार करून, सुटे केले आणि मेयोनीज, फेटलेली साय, जर्दाळूचा गर, कांदा, टोमॅटो, वाइन आणि थोडीशी करी पावडर यांच्या सॉसमध्ये घोळवले. सोबत गार भाताचे सॅलड. ब्रिटनमध्ये मांसावरचे रेशन तेव्हा उठले नव्हते, ते १९५४ च्या जुलैत उठले. मसाला मुद्दामच एवढा कमी ठेवला होता की नाना देशांच्या पाहुण्यांपैकी कोणाला तो खटकू नये. ‘कोरोनेशन चिकन’ म्हणून हा पदार्थ पुढे सँडविचमध्ये शिरला आणि त्याचा पिवळाधमक अवतार मूळ कृतीशी फारसे नाते ठेवून राहिला नाही.

आधी करून ठेवण्यातली खरी गोम चवीपेक्षा तापमानाची आहे. मोठ्या पातेल्यात शिजलेले चिकन ओट्यावर हळूहळू निवत राहिले की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे शिजवूनही न मेलेले बीजाणू जागे होतात आणि मधल्या कोमट भागात झपाट्याने वाढतात. सार्वजनिक जेवणानंतर दुसऱ्या दिवशी गावभर पोटदुखी होते, त्यात बऱ्याचदा याचा हात असतो. अमेरिकेतला सरकारी नियम ४ ते ६० अंश सेल्सियस हा पट्टा धोक्याचा मानतो. शिजलेले अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचे नाही, हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. पुन्हा तापवताना आतपर्यंत ७४ अंश गाठायचे. इथे नऊ बाय तेराचे उथळ भांडे नकळत उपकारक ठरले, कारण दोन इंचांचा थर लवकर निवतो आणि लवकर तापतोही. अनुभवी घरांत नूडल थोडे कच्चटच काढतात, सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवतात, छातीच्या मांसाऐवजी मांड्यांचे घेतात म्हणजे दुसऱ्यांदा तापवल्यावर ते भुशासारखे होत नाही, आणि वरचा कुरकुरीत चुरा शेवटच्या क्षणी घालतात. फ्रिजमधले काचेचे भांडे थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवत नाहीत. आजच्या काचेलाही तो धक्का नेहमी सोसतोच असे नाही.

शाळेत ओव्हन मिळत नाही ही अडचण १९७१ नंतर बरीच कमी झाली. अर्व्हिंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्याचे पेटंट मिळवले होते. साब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही म्हणून ज्यू घरांत आदल्या संध्याकाळी शिजायला ठेवायचा ‘चोलेंट’ त्यांनी लिथुआनियातून आलेल्या आपल्या आईकडून ऐकला होता. रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये त्याच भांड्याला क्रॉक-पॉट हे नाव देऊन बाजारात आणले. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत एकाच एक्स्टेन्शनवर पाच क्रॉक-पॉट लागून फ्यूज उडणे हाही पॉटलकचा भाग झाला. पुढे दुकानांत तयार भाजलेली कोंबडी मिळू लागली. कॉस्टकोत ती ४.९९ डॉलरला मिळते, कच्च्या कोंबडीपेक्षाही पुष्कळदा स्वस्त. त्यामुळे उकडण्याचा तासही वाचला. एका कोंबडीचे चार कप सुटे मांस निघते आणि एका भांड्याला ते पुरते.

टेबलावर कोणी काय आणायचे याचे नियमही बदलत गेले. आडनावाच्या आद्याक्षराने वाटणी करायची पद्धत जुनी आहे. अमुक अक्षरांनी सॅलड, तमुक अक्षरांनी मुख्य पदार्थ, उरलेल्यांनी गोड, म्हणजे नऊ चिकन आणि एकही भाजी नाही असे होत नाही. कॅथलिक वस्तीत शुक्रवारी चिकन चालत नसे, तिथे डब्यातल्या ट्यूना माशाची कॅसरोल येई. १९६६ मध्ये बिशपांनी तो नियम सैल केला. सायीच्या सॉसमधले चिकन, म्हणजे दूध आणि मांस एकत्र, कोशर पाळणाऱ्या ज्यूंना कधीच चालले नाही. २००४ च्या कायद्याने पाकिटांवर दूध, अंडी, गहू, शेंगदाणे अशा आठ अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद सक्तीची केली, पुढे तिळाचीही भर पडली. घरच्या भांड्याला तो कायदा लागू नाही. तरी भांड्यासमोर घटकांची चिठ्ठी ठेवायचा प्रघात पडला आणि चिठ्ठी लिहिताना सुपाच्या डब्यात मैदा आहे हे अनेकींच्या प्रथमच लक्षात आले.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी ही पद्धत पटकन उचलली. शाळेतली अंगत-पंगत त्यांना माहीत होती. तिच्यात डबा ज्याचा-त्याचा असतो, इथे आधी यादी ठरते एवढाच फरक. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मधली, पण त्याच्या आधीपासून गावोगावच्या मंडळांच्या सहली पॉटलकवरच चालत. तिथे शाकाहारी टेबल वेगळे आणि पहिले. चिकन टोकाला, तेही बहुधा मुरलेला रस्सा किंवा सुके, कारण भाताबरोबर ते कितीही जणांना पुरवता येते. मुलांच्या अमेरिकन शाळेत न्यायचा पदार्थ निवडताना मात्र याच घरांत तिखट कमी होते आणि हाडे काढली जातात. काही घरे बिर्याणी नेतात, काही बटर चिकन, आणि काही सरळ किंग रँचच करतात. अलीकडे अनेक शाळांनी वर्गातल्या मुलांसाठी घरचे पदार्थ बंद करून दुकानाचे सीलबंद खाऊच चालतील असा नियम केला आहे. शिक्षकांच्या जेवणाला तो सहसा लागू होत नाही, तिथे पालक अजूनही घरून भांडी भरून आणतात.